अफूच्या थेंबाची मुरड

दगडधोंडेही बोलायचे, त्या काळातली गोष्ट. मोरी गायीचा पाय मोडला. तिच्या अंगात वेदनेच्या दाराशी एक दरवान राहायचा. अंगातच झिरपणारा घरचा थेंब त्याच्या ओट्यावर नीट बसला, की दरवान वेदनेला निजवायचा. पण एवढ्या मोठ्या दुखण्याला तो बापडा पुरेना.

मग अफूचा थेंब आला. त्याची ठेवण घरच्या थेंबासारखीच. तो बसला आणि वेदना निजली, पण दरवानानं श्वासालाही पेंगवलं. मोरी गुदमरली. थेंब घाबरून उठला, थेट खलबत्त्याकडे गेला.

"दादा, मला जराशी मुरड घाल. वेदना तेवढी निजू दे, श्वास नको."

"मुरड घालीन बाबा, पण दरवानाला ती मानवेल का, ते मी कसं सांगू?"

"घाल रे, एवढ्याशानं काय होतंय!"

थेंबाला बारीकशी शेपटी फुटली. तो परत ओट्यावर बसला, पहिल्यापेक्षाही घट्ट. श्वास मोकळा झाला खरा, पण ती मुरड दरवानाला मानवली नाही; वेदनेला निजवायला तो जागचा हललाच नाही. वेदना खडबडून उठली, मोरीनं हंबरडा फोडला.

घरचा थेंब धावत आला. "ऊठ की मेल्या! निदान मला तरी बसू दे!"

"उठता येत नाही रे," अफूचा थेंब रडत म्हणाला. "इतका नीट मी कधी बसलोच नव्हतो."