कासारणीचा हिरवा दोरा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलं नाही.

त्या राज्यात खेळाचा एक मंडप होता. त्याच्या फरशीवर सोंगट्यांचे मोठमोठे पट कोरलेले होते. एका पटावर चार गडी बसत. तिथला नियम असा, की शेवटची सोंगटी घरी जाईपर्यंत कुणी उठायचं नाही. एक जरी मधेच उठला, तरी चौघांचा डाव मोडला असं धरत. एकेक डाव तासन्तास चाले, त्यामुळे हा नियम ऐकायला वाटतो तितका सोपा नव्हता.

पुढे जुने खेळाडू थकले, काही वारले, आणि पट ओस पडले. तेव्हा मंडपाच्या राखणदाराने एक रीत सुरू केली. जो नवा गडी आणील, त्याने त्या गड्याच्या मनगटाला आपल्या रंगाचा दोरा बांधायचा.

"चैत्री पौर्णिमेला मोठा खेळ होईल," राखणदार म्हणाला. "ज्याच्या दोऱ्याचे जास्त गडी त्या दिवशी डाव पुरा करतील, त्याला मंडपाची ओसरी कायमची. तिथे त्याने दुकान मांडावं नाहीतर पाय पसरून झोपावं."

ओसरीसाठी दोघं पुढे आली. एक दवंडीवाला आणि एक कासारीण.

कासारीण गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरायची. तिचे गुडघे पार गेले होते. एका जागी बसून धंदा करता आला तर आणखी काही वर्षं पोट भरेल, नाहीतर पुढच्या वर्षी आपल्याच्याने चालवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला ती ओसरी फार हवी होती.

दवंडीवाल्याला ओसरी हवी होती, कारण ती दुसऱ्या कुणाला मिळावी हे त्याला सहन होत नव्हतं. माणसं अशीही असतात.

त्याने लगेच लाल दोऱ्याचं मोठं भेंडोळं आणलं आणि बाजारात डफ बडवायला सुरुवात केली. "मंडपात या! खेळा! लाडू खा!" लोक आले. तो दोरे बांधत सुटला. पारावर झोपलेल्याला बांधला, घाईत असलेल्याला बांधला आणि एकदा उत्साहाच्या भरात एका बैलाच्या शिंगालाही बांधला.

कासारणीची तऱ्हा निराळी. बांगडी भरताना ती बाईचा पंजा दाबून धरी आणि बांगडी हळूहळू वर सरकवी. कुणी तेवढ्यातच हात ओढून घेई, मग बांगडी पिचे. कुणी ओठ घट्ट मिटून थांबे. जी थांबे, तिलाच ती खेळाचं विचारी आणि आपला हिरवा दोरा बांधी. घरातल्या पुरुषांवरही तिची नजर असे. बायकोच्या बांगड्या होईपर्यंत कोण शांत बसतो आणि कोण सतरा वेळा आत-बाहेर करतो, ते ती बघून ठेवी.

एकदा वाटेत दोघांची गाठ पडली.

"किती झाले, मावशी?"

"सात. आठवी कुंभारीण, ती येते म्हणालीय."

"अहो, माझे सातशे झाले! त्यातले शंभर तरी बसतीलच की."

"बसतील रे बाबा. पण त्यांच्या शेजारी कोण बसेल?"

दवंडीवाला हसत पुढे गेला. त्याला तो प्रश्न म्हातारपणाचा वाटला.

चैत्री पौर्णिमा उजाडली. ज्याचे गडी त्याच्या पटांवर बसले. पहिलं दान पडून तास होतो न होतो, तोच लाल दोऱ्याचा एक गडी उठला. त्याला लाडू कुठे मिळतात ते बघायचं होतं. दुसऱ्याला गुरांची आठवण झाली. तिसरा नुसताच कंटाळला. एकेक उठणारा तिघा बसणाऱ्यांचा डाव मोडून जात होता. दुपारपर्यंत दवंडीवाल्याचे दोनच पट उरले. पण दोन पट म्हणजे आठ गडी, आणि तो खुशीत होता.

कासारणीचा एक पट रंगला होता. दुसरा सुरूच झाला नव्हता, कारण कुंभारीण आली नव्हती. मग निरोप आला, की तिच्या पोटात कळा सुरू झाल्यात. तिघं गडी कवड्या हातात धरून बसून राहिले. कासारणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिचा भाचा पुढे झाला. "मावशे, मी बसतो की!"

"तू जेवताना चार वेळा उठतोस रे," कासारीण म्हणाली. "या तिघांनी तुझं काय वाकडं केलंय?"

तेवढ्यात एक म्हातारा धनगर जवळ आला. त्याच्या मनगटाला लाल दोरा होता. "सकाळी माझ्या पटावरचे दोघं उठून गेले. मला खेळायचंय, बाई."

कासारणीने राखणदाराकडे पाहिलं.

"चौथा कुठलाही चालेल," राखणदार म्हणाला. "मात्र दोरा बदलायचा नाही."

कासारणीने धनगराचा हात हातात घेतला आणि बांगडी भरताना दाबतात तसा पंजा दाबला. त्याने हात ओढला नाही. ती म्हणाली, "बसा."

ऊन कललं. दवंडीवाल्याच्या दोन्ही पटांवर शेवटच्या सोंगट्या घराच्या तोंडाशी आल्या. आपण जिंकलो असं धरून, बघ्यांना गोळा करायला त्याने डफ काढला आणि जोरात वाजवला.

डफ ऐकताच त्याचे आठही गडी ताडकन उठले. डफ म्हणजे लाडू, एवढंच त्यांना ठाऊक होतं. सातच्या सात हिरवे दोरे जागचे हलले नाहीत. धनगरही हलला नाही.

दिवेलागणीपर्यंत कासारणीचे दोन्ही पट पुरे झाले. राखणदाराने मनगटं पाहिली. "हिरवे सात. लाल एक."

"माझा एक?" दवंडीवाला गोंधळला. त्याने धनगराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "याला मी कधी दोरा बांधला?"

"भर बाजारात, दादा," धनगर म्हणाला. "तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं."

दवंडीवाल्याने डफ काखेत मारला आणि तो निघून गेला. कासारीण ओसरीत बसली, ती कायमची. पुढच्या वर्षी तिच्या सात गड्यांनी आपापल्या ओळखीची माणसं आणली, त्यांतलं एकही मधे उठलं नाही. कुंभारीणही आली, तान्ह्याला मांडीवर घेऊन.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं लक्षात असू द्या: ज्याला बोलवायचं, त्याला आधी नीट ओळखावं.