किड्यांचे ताट

एकदा एका वृद्ध प्राणिशास्त्रज्ञाने आपला समुद्र एका शिष्येच्या स्वाधीन केला. समुद्र म्हणजे चार फुटी काचेची पेटी. आत खारे पाणी, खडक, मऊ पोवळी, केशरी माशांची एक जोडी आणि निळ्या ओठांचे दोन शिंपले.

"दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचेत. वीस दिवस लेकीकडे राहीन," वृद्ध म्हणाले. "पेटी जप. नियम ठाऊक आहे ना?"

नियम त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता. दाराशी फडताळावर माशांच्या खाद्याची डबी असे. येईल त्याने चपला काढाव्यात, डबीतली एक चिमूट पेटीत सोडावी आणि मग बसावे. देवळात शिरताना घंटा वाजवावी, तसे. "माझ्या घरी पहिला पाहुणचार माशांचा," असे वृद्ध अभिमानाने सांगत.

त्या वीस दिवसांत सरांच्या डोळ्यांची चौकशी करायला सारे गाव येऊन गेले. शिष्येने एकालाही चिमूट टाकल्यावाचून बसू दिले नाही.

विसाव्या दिवशी सकाळी एक शिंपला उघडा पडलेला दिसला. तो मेला होता आणि त्याच्या आत किडे वळवळत होते. बोटभर लांब, तांबूस, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांची झालर. तिने संतापून एक उचलला आणि तिच्या बोटांत काचेच्या कुसळांसारखे बारीक केस घुसले. दुसऱ्या शिंपल्याने ओठ मिटून घेतले होते. किडे पकडायला तिने नळीत कोळंबीचा तुकडा घालून ती खडकाशी ठेवली. तासाभरात नळी किड्यांनी भरली. ते तिने वाडग्यात ओतले, तरी खडकाच्या फटींतून आणखी डोकावतच होते.

तेवढ्यात मत्स्यपेट्यांचे सामान विकणारा व्यापारी आला. त्याने रीतसर चिमूट टाकली, वाडग्यातले किडे पाहिले आणि पिशवीतून बाटली काढली.

"ब्रिसलवर्म म्हणतात यांना, ताई. दोन झाकणं ओता. उद्या एक जरी वळवळला तर माझं नाव बदला."

"बाकीच्यांना काही होणार नाही ना?"

"बाकीचे कुठे किडे आहेत?" असे म्हणून तो निघून गेला.

तिने बाटलीचे झाकण फिरवले, तोच दारातून आवाज आला, "थांब."

काळा चष्मा लावलेले वृद्ध पेटीपाशी आले. त्यांनी वाकून पाण्याचा तळ पाहिला. खूप वेळ पाहिला. मग तिच्या बोटांवर चिकटपट्टी दाबली आणि ओढून केस काढले. किड्यांनी शिंपला खाल्ला म्हणून तिने आरडाओरडा केला, तो त्यांनी ऐकून घेतला. त्यानंतर त्यांनी केले ते विचित्रच होते. पेटीतले थोडे पाणी घमेल्यात घेऊन त्यात पकडलेले किडे सोडले, एका बाजूला मेलेल्या कोळंबीचा तुकडा ठेवला, दुसऱ्या बाजूला पेटीतली जिवंत गोगलगाय, आणि वर काळे फडके टाकले.

"आता दोन तास बसू."

"दोन तास? सर, तोवर दुसरा शिंपला जाईल! काय ते आत्ता सांगून टाका ना."

"सांगितलं तर तू माझं ऐकशील. जिवंत शिंपल्याला खाणारीही एक जात असते. हे ते नव्हेत, असं मला वाटतं. मला वाटून काय उपयोग? तू बघ."

बसून राहणे तिच्या स्वभावात नव्हते. ती दर थोड्या वेळाने फडक्याचा कोपरा उचलून पाहू लागली, आणि मग कोपरा खाली सोडायला विसरली. केसांची झालर लाटेसारखी हलत होती. एक किडा गोगलगाईला लागला, थबकला, तिला वळसा घालून कोळंबीकडे गेला. दुसऱ्यानेही तेच केले. दोन तासांनी कोळंबीचा मागमूस उरला नव्हता आणि गोगलगाय घमेल्याच्या काठावर चढून बसली होती.

"मग हे शिंपल्यात काय करत होते?"

"तेराव्याला जेवायला आलेल्यांना मारेकरी म्हणत नाहीत, पोरी."

"मग मारेकरी कोण?"

वृद्धांनी पेटीच्या तळाकडे बोट केले. तिने काडी घेतली आणि पेटीतल्या खडकाखालची वाळू उकरली. करड्या, कुजलेल्या खाद्याचा थर वर आला. पाण्याला घाण वास सुटला. ती वळली.

अशा कथांतला शिष्य इथे खाली मान घालतो. हिने घातली नाही.

"नियम तुमचा होता, सर. तुम्ही असतानाही रोज आठ-दहा माणसं यायची. हे तुम्हाला कधी दिसलं नाही?"

"नाही दिसलं," वृद्ध म्हणाले. "दोन वर्षं मला या पेटीचा तळ दिसत नव्हता. वर रंग हलायचे, मला वाटायचं, छान चाललंय. माझी चूक, म्हणजे ते उरलेलं खाद्य, हे किडे फटीत बसून खात होते. तेवढ्यावरच वाढले आणि तेवढ्यावरच पाणी टिकलं. या वीस दिवसांत त्यांनाही उरकेना. उरलं ते कुजलं, आणि शिंपला गेला. तू बाटली ओतली असतीस, तर खडकांच्या पोटातले शेकडो किडे एकदम मेले असते. ते सगळं कुजताना खायला कोण उरलं असतं? नकोसा जीव दिसला, की तो काय खातो ते आधी विचारावं. मग विचारावं, ताट कोणी वाढलं." त्यांनी फडताळावरच्या डबीकडे पाहिले. "ताट मी वाढलं."

दोघांनी नळीने तळाची घाण ओढून काढली, अर्धे पाणी बदलले आणि घमेल्यातले किडे पुन्हा खडकांत सोडले.

तिसऱ्या दिवशी व्यापारी आला. चपला काढून त्याने फडताळाकडे हात नेला. फडताळ रिकामे होते.

"सर, डबी?"

"तिला विचारा. आता डबी तिच्याकडे."

"दिवसातून एकदा, सकाळी, मीच टाकते," शिष्या म्हणाली. "तुम्ही बसा. आणि तुमची बाटली घेऊन जा. एक थेंबही ओतलेला नाही."

रिकाम्या हातांचे काय करावे, हे न कळून व्यापारी पेटीसमोर बसला. इतक्या वर्षांत तो प्रथमच आत पाहत होता.

उरलेल्या शिंपल्याचे ओठ सुताएवढे उघडले होते. आतली निळी कड दिसत होती. या वेळी ती वृद्धांना सर्वांआधी दिसली.