पाठीची ओळ

उंबरबोडीच्या तलावावर उभं राहिलं की खाली सगळं गाव आणि त्यापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, एका नजरेत दिसतात. हे एवढं पाणी ज्या मातीच्या उंच बांधानं अडवून धरलं आहे त्याला इकडे पार म्हणतात. पारीच्या मधोमध चौथऱ्यावर शेंदूर लावलेली देवी आहे, तिचं नाव पारमाय. इतर देवी पाण्याकडे बघत बसतात, ही मात्र पाण्याला पाठ लावून बसली आहे.

आश्विनातल्या नवरात्रात पाहुणे पहाटेच पारीवर येऊन थांबतात, ते गाणं ऐकायला. उजाडायला लागलं की पहिल्या घरची बाई उंबऱ्यात उभी राहून देवीला उठवायच्या गाण्याची एक ओळ म्हणते. एकच. मग शेजारच्या घरची बाई दुसरी ओळ म्हणते, तिच्या पुढची तिसरी. असं गाणं उंबऱ्याउंबऱ्यानं गावभर चालत जातं. गाण्याच्या ओळी एकवीस. चौदावी ओळ झाली की मात्र गाणं थांबतं. आता कोणीतरी विसरलं, असं पाहुण्यांना वाटतं आणि ते एकमेकांकडे बघून हसतात. विसरलेलं कोणी नसतं. गावातल्या जुन्या बाया त्याची हकिगत सांगतात ती अशी.

फार मागं, गाव नवीन वसलं तेव्हा, ही पार लागोपाठ तीन वर्षं फुटली म्हणे. तिसऱ्या वर्षी पाण्यात माणसं गेली. तेव्हा गावातल्या एका बाईनं देवीला हात जोडून नवस केला, "माय, तू या पारीला पाठ लावून बस. मी तुले रोज पहाटे गाऊन उठवीन. माह्या मागं माही लेक उठवंल, तिच्या मागं तिची लेक." देवी बसली. त्या वर्षापासून पार फुटली नाही. गाण्यात देवीचं एकेक अंग उठवायचं. पायाची बोटं, जोडवी, घोटा, गुडघा असं वर वर जात पंधराव्या ओळीत पाठ येते. तिथं देवीला सांगायचं असतं की बाकी सगळी उठ, पाठ तेवढी हलवू नको.

त्या बाईनं नवस केला तेव्हा तिची लेक पोटातच होती म्हणतात. म्हणजे जी अजून जन्माला आली नव्हती तिला बांधून टाकलं. ती बांधली गेली, मग तिची लेक, मग तिचीही. घराण्यातल्या कोणत्याच पोरीला सासर मिळालं नाही, घरजावईच आणावा लागला. एका पहाटेपुरतंही गाव सोडता येत नव्हतं.

असं होता होता मान फुलवंताकडे आला.

फुलवंताचा गळा देवानं फुरसतीनं घडवला होता, असं सांगतात. पहाटेचं गाणं तर ती म्हणायचीच, पण तिचं खरं गाणं ऐकावं ते रोवणीत. गुडघाभर चिखलात वाकून धान लावताना ती जागच्या जागी नवी गाणी जुळवायची. कोणाच्या सासूवर, कोणाच्या हरवलेल्या म्हशीवर. बाया हसता हसता बांधी कधी लावून झाली ते त्यांना कळत नसे. "फुलवंता असली की कंबर दुखत नाही वो," असं म्हणून तिला ओढायला दोन दोन शेतवाले भांडायचे. बांगड्या भरायला येणाऱ्या कासारणीनं तिची गाणी गावोगाव नेली, आणि एका आश्विनात दोन दिवसांच्या वाटेवरच्या गडावरून राणीनं तिच्यासाठी बैलगाडी पाठवली. दसऱ्यापर्यंत आठ दिवस गडावर गायचं. फुलवंताची लेक चिमी तेव्हा तीन वर्षांची होती.

फुलवंता गावच्या उरकुडा पाटलाकडे गेली. पाटील पायरीवर बसून सुपारी कातरत होता.

"जाय ना बाई, कोण अडवते?" तो म्हणाला. "सकाळी गाऊन जाय आन् दुसऱ्या सकाळी गायले परत ये."

"दोन दिवसाची वाट हाय पाटील."

"मंग उडत जाय."

बसलेली माणसं हसली. फुलवंता हसली नाही. घरी येऊन तिनं गडाच्या गाडीवानाला एक दिवस थांब म्हटलं. काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या पहाटे ती पारीवर गात होती. चिमी कडेवर होती. पहिली ओळ झाली आणि दुसऱ्या ओळीला त्या पोरीनं आईच्या सुरात सूर लावला, बोबडा, पण चुकीचा नव्हे. खाली पाणी भरणाऱ्या बायांनी ऐकलं. त्या घागरी टाकून धावत वर आल्या. कोणी पोरीच्या कपाळाला हळद लावली, कोणी तिची दृष्ट काढली. "वारस झाली वो बाई! आता पारीची काळजी नाही!" असं म्हणत एकीनं चिमीच्या मनगटात लाल दोरा बांधून दिला. चिमीला तो आवडला. ती हात हलवून हलवून सगळ्यांना दाखवत राहिली.

फुलवंताला तो दोरा बघवला नाही, असं सांगतात. स्वतःचं तिनं कसंही सोसलं असतं. बाळंतपणाच्या दिवशीसुद्धा तिला खाटेवर घालून पारीवर नेलं होतं, तेही तिनं सोसलं. पण हे पोरगं उद्या असंच इथं उभं राहणार, परवा त्याची पोर उभी राहणार. त्या दिवशी रोवणीतल्या गाण्यांपैकी एकही गाणं तिला आठवेना.

संध्याकाळी तिनं पाटलाच्या अंगणात गाव जमवलं. "नवस मायले उठवाचा हाय," ती म्हणाली. "कोणी उठवलं त्याले काय करते? एकवीस ओळी हायेत. एकवीस घरं आपापल्या उंबऱ्यातून एकेक ओळ घ्या. एका घरची बाई बाहेर गेली तर तिची सासू म्हणंल, जाऊ म्हणंल. गाणं कधी खंडणार नाही. मी एकटी मेली तर काय कराल?"

हे शेवटचं बोलणं पाटलाला पटलं. त्यानं सुपारी तोंडात टाकली आणि सांगितलं, "ठीक हाय. पण एक ओळ जरी उरली तरी तू जागची हलाची नाही."

मग काय, गावात जत्रेसारखं झालं. मुगुटाची ओळ पाटलीणबाईनं घेतली, तो मान तिचाच म्हणे. नथीच्या ओळीवरून दोन जावा भांडल्या. एक म्हणाली, "तुह्या नाकाले कधी नथ पाहिली नाही कोणी," तर दुसरी म्हणाली, "म्हणूनच मले पाहिजे." पायाच्या बोटांची ओळ एका म्हाताऱ्या आंधळ्या बाईनं मागून घेतली, तेवढंच पाया पडल्यासारखं होतं म्हणून. फुलवंतानं एकेकीला समोर बसवून ओळ शिकवली. कोणाचा सूर लागेना, कोणाला शब्द राहीना, तरी तिसऱ्या दिवसापर्यंत वीस ओळींना वीस घरं मिळाली.

पाठीची ओळ कोणी घेतली नाही.

ती दारोदार फिरली. एकीनं म्हटलं सासूला विचारते. सासूनं म्हटलं आमच्यात चालत नाही. एकीनं दारच लावून घेतलं. जिच्यासोबत ती लहानपणापासून रोवणीला जायची त्या गोदीनं तेवढं खरं सांगितलं.

"दुसरी कोणतीबी ओळ दे फुलवंता. जोडवं चुकलं तर काही होत नाही. पाठ चुकली, पार फुटली, तर गाव मले म्हणंल ना. माह्या घरी लेकरं हायेत."

"अन् माह्या घरी काय दगडं हायेत?" फुलवंता म्हणाली.

गोदीनं तरी ओळ घेतली नाही.

फुलवंताचा नवरा सोमाजी गरीब स्वभावाचा माणूस होता. तो म्हणाला, "मी म्हणू का? माह्या आवाजानं माय अशी उठंल का पळूनच जाईल." तिला हसवायला म्हणाला, पण पाटलानं तेही ऐकून घेतलं आणि पुरुषाच्या तोंडची ओळ चालत नाही असा निवाडा दिला. वाट बघून बघून गडाची गाडी पाचव्या दिवशी रिकामी परत गेली. फुलवंता पारीवरून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती म्हणतात. वीस ओळी अंगावरून उतरल्या होत्या आणि एका ओळीनं तिला तितकंच घट्ट धरून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून तिनं एक केलं. गाणं चौदाव्या ओळीपर्यंत आलं की ती चिमीला पुढ्यात घ्यायची, दोन्ही तळव्यांनी तिचे कान घट्ट झाकायची आणि मगच पाठीची ओळ म्हणायची. पोरगी सुटायला बघायची, रडायची, पण ती सोडत नसे. हे पाहून बाकीच्या बायांनाही भीती शिरली. ऐकली की ओळ चिकटते, चिकटली की आपल्यावर येते. त्याही त्या वेळेपुरते आपल्या पोरींचे कान झाकू लागल्या, आपल्या कानावर पदर ओढू लागल्या. सगळं गाव कान झाकून उभं आणि वर पारीवर एकटी फुलवंता गातेय, असं कितीतरी वर्षं चाललं.

चिमी तेरा वर्षांची झाली तशी सोमाजीनं तिला गडावर गाणं शिकायला पोचवलं. पाटलानं अडवलं तेव्हा फुलवंता म्हणाली, "इचारा तिले, येते का ओळ. येत असंल तर ठेवून घ्या." पोरीला ओळ येत नव्हती. पुढं चिमीचं मोठं नाव झालं. ती जत्राजत्रांत गायची, आईची रोवणीची गाणीही गायची. फुलवंतानं तिला तिथं कधी ऐकलं नाही. ज्या जत्रा होत्या त्या सगळ्या एका दिवसापेक्षा लांब होत्या.

फुलवंता गेली ती भादव्यात, तलाव काठोकाठ भरलेला असताना. दुसरी पहाट जवळ आली तसं गाव घाबरलं. पाटील आता म्हातारा झाला होता, त्यानं घरोघर जाऊन विचारलं. तरण्या बायांना ओळ ठाऊक नव्हती. ज्या म्हाताऱ्यांना आठवत होती त्यांनी आठवत नाही असं सांगितलं. शेवटी गाणं सुरू केलं. पायाची बोटं, जोडवी, घोटा असं करत चौदावी ओळ झाली आणि पुढं कोणीच नाही. सगळे उंबऱ्यात उभे राहून पारीकडे बघत होते. आयांनी लेकरं उचलून घेतली होती.

पाणी हललं नाही. पार होती तशी राहिली. तेवढ्यात सोळाव्या ओळीच्या घरच्या बाईनं खांद्याची ओळ धरली आणि गाणं पुढं गेलं.

फुलवंता मेल्यावरही पारीवर गाते, देवीला ऐकू येते, आपल्याला येत नाही, असं काहीजण सांगतात. पण त्या पहाटे गोदी अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, "असं होतं तर मंग बाईले कायले अडवून ठेवलं आपण?"

तेराव्याला चिमी आली. पाटलानं तिलाही विचारलं. ती म्हणाली, "मायनं माहे कान झाकले होते. तिच्या हाताले चिखलाचा वास होता, तेवढा आठवते. ओळ नाही आठवत." दुसऱ्या दिवशी ती निघून गेली, आणि तिला कोणी थांब म्हटलं नाही.

आजही चौदावी ओळ झाली की उंबरबोडीत एका ओळीपुरतं सगळं गप्प होतं. तेव्हा पाहुण्यांनी पारीकडे न बघता दारांकडे बघावं. प्रत्येक उंबऱ्यात एक आई आपल्या लेकीला पुढ्यात घेऊन तिचे कान झाकून उभी असते. ऐकायला काहीच नसतं, तरी ती हात काढत नाही.