कालवांनी सांधलेला पूल

पूर्वी चीन देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, मीन प्रांतात एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सी-काङ बंदरातील एका तरवाल्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव खो-लिम. तिथली खाडी रुंद होती. अलीकडे बंदर, तिथे दूरदूरच्या देशांची गलबते लागत. पलीकडे डोंगर, तिथे चहा पिके. मधल्या पाण्यावर होड्या चालवण्याचा हक्क राजाने त्या एकाच घराला दिला होता. त्यामुळे घरात कशाची वाण नव्हती.

एके दिवशी भर दुपारी वारा फिरला आणि डोंगरातल्या बायकांनी भरलेली होडी उलटली. बोधिसत्त्वाने पाण्यात उडी घेतली. त्याने आणि नावाड्यांनी मिळून सगळ्यांना बाहेर काढले, पण वर्षभराचा चहा वाहून गेला. एक म्हातारी ओल्या बाह्या पिळत म्हणाली, “तुमचा दोष नाही, मालक. वाऱ्याचा आहे. पण आम्ही जन्मभर वाऱ्याच्याच पाया पडायचं का?”

आठवड्याने बोधिसत्त्व धाकट्या भावाला, खो-सेंगला म्हणाला, “खाडीवर पूल बांधू या.”

“दादा, पूल झाल्यावर आपल्या होडीत कोण बसेल?”

“कोणी नाही.”

“मग आपण खायचं काय?”

“ते अजून मला कळलेलं नाही,” बोधिसत्त्व म्हणाला. “पण लोकांच्या बुडण्याच्या भीतीवर आपण जेवतो, हे मला कळलंय. ते आता घशाखाली उतरत नाही.”

सेंग रागावून बोलेनासा झाला. बोधिसत्त्वाने राजाची परवानगी आणली आणि डोंगरातून दगड आणवले. ओहोटीला खांब रचावे आणि वर्षाच्या मोठ्या उधाणाने ते विस्कटावे, असे दोनदा झाले. चुना तर पाण्यात टिकतच नव्हता. बंदरातले लोक हसू लागले.

तिसऱ्या वर्षी तो ओहोटीच्या वेळी मोडक्या खांबांपाशी उभा असताना कालवे, म्हणजे दगडाला चिकटून वाढणारे शिंपले, काढणारी आ-गीम नावाची बाई कोयता आपटत त्याच्यावर ओरडली, “अहो मालक, हे धोंडे तुमचेच ना? एक कालव सुटेल तर शपथ! दगडाला दगड असा चिकटलाय, की दोन्ही हातांनी ओढलं तरी हलत नाही.”

बोधिसत्त्व गुडघाभर चिखलातून धावतच आला. दोन दगडांच्या फटीत कालवे दाटली होती. त्याने खांदा लावून ढकलून पाहिले. दगड हलले नाहीत. तो इतका मोठ्याने हसला, की काठावरचे बगळे उडाले.

“मावशी, अशी कालवं सगळ्या खांबांवर वाढवता येतील?”

“न यायला काय झालं? आम्ही ती चिखलात शेतासारखी पेरतो. पण मग काढायची कुठून? पुलावरची काढली तर पूल पडेल. माझ्या घरी पाच तोंडं आहेत.”

होड्यांच्या घाटाजवळ त्याच्या घराची चिखलाची मोठी जमीन होती. तो म्हणाला, “ती आजपासून तुम्हा कालववाल्यांची. फक्त पुलावरच्या कालवांना कोयता लावायचा नाही.”

आ-गीमने त्याच्याकडे निरखून पाहिले. “होड्यांचं उत्पन्न जाणारच, आता जमीनही चालली. तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?” असे म्हणत ती हसली आणि दुसऱ्याच दिवशी चाळीस बायका घेऊन आली. त्यांनी नवे रचलेले खांब कालवांनी पेरले. त्या वर्षीच्या उधाणाने एकही खांब हलला नाही.

आता खांबांवर लांबलचक शिळा चढवायच्या होत्या. इतके वजन उचलणार कोण, हे कोणालाच कळेना. तेव्हा सेंग, जो तीन वर्षे भावाशी बोलला नव्हता, घाटावरून म्हणाला, “दादा, माणसं कशाला हवीत? शिळा होड्यांवर ठेव. पुनवेची भरती त्यांना खांबांच्या वर उचलेल. ओहोटी लागली की त्या आपोआप खाली बसतील. पाणी मला कळतं.”

बोधिसत्त्वाने त्याला मिठी मारली. दर पौर्णिमेला सेंग होड्या हाकी, आणि शिळा अलगद जागेवर बसे. काठावर ढोल वाजत, लोक नाचत.

पूल पुरा झाला त्या सकाळी डोंगरातून चहाच्या टोपल्या आल्या, नव्या नवऱ्या आल्या, आणि पाण्याच्या धाकाने वीस वर्षांत बहिणीला न भेटलेली एक आजीही आली. सर्वांच्या पुढे आ-गीम चालली. चहा इतका येऊ लागला, की तो नांगरलेल्या गलबतांपर्यंत पोचवायला सेंगच्या होड्या अपुऱ्या पडल्या. बोधिसत्त्व मात्र पुलाच्या टोकाशी साध्या झोपडीत राहिला आणि वाटसरूंना फुकट चहा पाजीत आनंदाने म्हातारा झाला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, “रागावूनही शेवटी भावाच्या मदतीला धावलेला सेंग म्हणजे तुमच्यातला हा भिक्षू नंदिल. आ-गीम म्हणजे रोज तुम्हाला पेज वाढणारी उपासिका उत्पला. आणि तो तरवाला मीच होतो. भिक्षूंनो, आपली मिळकत सोडून दुसऱ्याची वाट मोकळी करणे, यालाच दानपारमिता म्हणतात.”