बंद कॅमेऱ्यातला फोटो

"माझा फोटो काढ, पण कॅमेरा उघडायचा नाही!" धामणखेडच्या राजेसाहेबांनी फर्मावलं आणि दरबारी मंडळींनी माना डोलावल्या. त्यांना तेवढंच काम होतं म्हणा!

राजेसाहेबांना नाद जुन्या जर्मन कॅमेऱ्यांचा. घडी घालायचे, चामड्याच्या भात्याचे, आत फोटो उमटायची काचेची प्लेट सरकवायचे. कपाटं भरून कॅमेरे आणि काढलेला फोटो एकही नाही! कारण त्यांचे पगारी पारखी माणकेश्वर सारखे बजावत, "सरकार, उघडला की भाता चिरतो, भाता चिरला की किंमत उतरते. बंद राहील तीच वस्तू अनमोल!"

परवा सरकारांची नजर जत्रेत फोटो काढणाऱ्या शिवराम तारूच्या कॅमेऱ्यावर पडली. तोही तसलाच जर्मन. "असली चीज जत्रेत झिजवतोस?" असं म्हणून त्यांनी तो उचलला आणि कपाटात ठेवला. शिवरामचं पोटच कुलपात गेलं! म्हणून त्याची लेक हौसा कॅमेरा मागायला आली होती, तर तिच्यापुढे ही अट. फोटो निघाला तर कॅमेरा परत, नाहीतर त्याचं नावही काढायचं नाही.

हौसा म्हणाली, "काढते जी! एक कोरी प्लेट, काळा कागद, पत्र्याची डबी आन् ती बंद कराया लाख तेवढी द्या."

तिनं मिटलेला कॅमेरा सरकारांसमोर मांडला. "हलू नका सरकार!" सरकारांनी मिशीला पीळ दिला, दरबारानं श्वास रोखला. हौसानं प्लेट काळ्या कागदात गुंडाळून डबीत घातली आणि डबी लाखेनं बंद केली.

"घ्या. ह्यात हाय फोटो."

"उघड, बघू दे!"

"अगं बया! उघडायची? पारखीसाहेब, तुमीच सांगा, उघडल्यावर वस्तूची किंमत काय व्हते?"

माणकेश्वरांना घाम फुटला. उतरते म्हणावं तर डबी बंदच राहणार. उतरत नाही म्हणावं तर सगळी कपाटं आजच उघडावी लागणार, आणि मग पारखी हवाय कुणाला?

"उ... उतरते," ते पुटपुटले.

"मग ऱ्हाऊ द्या बंद! कॅमेऱ्यानं फोटू काढायचा न्हाई, तर फोटूनं तरी तोंड का दावावं?"

"वा! काय हुबेहूब आलाय!" बंद डबीकडे बघत एक सरदार म्हणाले.

सरकारांनी डबीकडे पाहिलं, सरदारांकडे पाहिलं आणि असे खदखदून हसले की फेटा कानावर आला. "माणकेश्वर, फसलो की हो आपण! द्या पोरीचा कॅमेरा!" मग त्यांनी कमरेची मोहरांची थैली काढून तिच्या हातावर ठेवली. "ही बक्षिसी. पण उघडू नकोस हं, किंमत उतरेल!"

हौसानं तिथल्या तिथं थैलीची गाठ सोडली.

"उतरू द्या सरकार! आमच्यात वस्तू वापरत्यात!"