न नासलेलं लोणचं

“मग नासलं कुठं?” अप्पांनी विचारलं.

“कुठंच नाही. तेच तर दाखवतोय, अप्पा. वर्ष झालं, एक पांढरा ठिपका नाही.” विरूपाक्षानं बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला आणि बरणी गुरूंपुढं सरकवली.

नदीकाठच्या त्या लहानशा मठाचं कोठार त्याच्याकडं होतं. एका साली लोणच्याला बुरशी आली आणि ते त्याला फार लागलं. पुढच्या खेपेला त्यानं हात आखडला नाही. बरणीला हिंगाची धुरी दिली, कैरीच्या फोडी उन्हात खडखडीत वाळवल्या, मीठ, मोहरी आणि मेथी दुप्पट घातली, वर चार बोटं तेल. बुरशीची काय बिशाद.

“बरणी भरलेलीच दिसते की,” अप्पा म्हणाले.

पंगतीला बसलेली माणसं फोड एकदा जिभेला लावत आणि पानाच्या कडेला सारत, हे विरूपाक्षालाही दिसत होतं.

“बाहेर कोण बसलंय?”

“...अक्का.”

“कधीपासून?”

“सकाळपासून.”

आई गेल्यावर याच अक्कानं त्याला घास भरवून वाढवलं होतं. आता ती दुपारच्या गाडीनं लेकाकडं परमुलखात निघाली होती, कायमची. पुन्हा येणं होईल असं तिचं वय राहिलं नव्हतं.

“भेटला नाहीस?”

“भेटलो तर मन विरघळेल, अप्पा. इतक्या वर्षांची साधना नासेल.”

हे सांगताना त्याला स्वतःचं थोडं कौतुकच वाटत होतं. माणूस आहे, वाटायचंच.

अप्पांनी बरणीतली एक फोड काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

“खा.”

त्यानं ती चावली. घशापर्यंत जाळ गेला. थुंकायची सोय नव्हती, समोर गुरू बसलेले.

“कशी आहे?”

“खारट...” फोड कशीबशी गिळून तो म्हणाला, “आणि कडू.”

“टिकलीय मात्र.”

विरूपाक्षानं मान खाली घातली. “यावर काही उपाय, अप्पा?”

“ताजी कैरी घालायची. जास्तीचं मीठ ती ओढून घेते.”

“कोठारात नाहीत कैऱ्या.”

“अक्काच्या पिशवीत आहेत. तुमच्या परसातल्या झाडाच्या. सकाळीच दाखवल्या तिनं मला. जा, मागून आण.”

तो दारापर्यंत गेला... आणि थांबला.

अप्पांनी बरणी उचलली आणि सगळं लोणचं परातीत ओतलं. आता कैऱ्या आणल्यावाचून सुटका नव्हती.

अक्का बाहेर कट्ट्यावर बसली होती. ती रागानं काहीतरी बोलेल, या तयारीनंच तो बाहेर आला. ती एवढंच म्हणाली, “किती वाळलास रे, विरू.” आणि पदरानं त्याच्या हनुवटीवरचं तेल पुसलं.

त्याला रडू आलं. आवरेना, तेव्हा त्यानं आवरणंही सोडून दिलं.

मग अक्का आत येऊन विळीवर बसली. हिरव्या फोडी परातीत पडू लागल्या. आंबट वास मठभर झाला. विरूपाक्ष हातानं लोणचं कालवत होता, पण कोठाराची सवय इतक्यात थोडीच जाते.

“अप्पा, ओली फोड आहे ही. हिला पाणी सुटणार. आता हे टिकायचं नाही.”

अप्पा पानं मांडत होते. त्यांनी तिसरं पान दुसऱ्याच्या अगदी जवळ सरकवलं.

“नाहीच टिकायचं,” ते म्हणाले. “ये, अक्काशेजारी बस.”