दुसरा कप

“आणि कॉफी?” सुकाबुवांनी विचारलं.

विरक्तानंद अडखळला. घर सोडलं, शेत सोडलं, बायको सोडली, गोडधोड सोडलं... यादी निम्म्यावर आली होती, तेवढ्यात म्हाताऱ्यानं हे मधेच काढलं.

“तीही सोडली, बुवा. अकरा वर्षं झाली. थेंब नाही.”

“आवडे काय?”

“फार.”

“हं...” बुवा खोकले. “मग मले आण एक कप. चांगली आण.”

चिखलदऱ्याची गोष्ट. बुवांच्या छातीत कफ दाटलेला, म्हणून एका भक्तानं त्यांना आपल्या रिसॉर्टवर आणून ठेवलं होतं. रिसॉर्ट म्हणजे काय, तर घर सोडून यायचं आणि घरच्यासारखं मिळत नाही म्हणून कुरकुरायचं. भिंतीच्या जागी भिंतीएवढी काच, आणि काचेपलीकडे बघावं तर काय? धुकं. भरदुपारी दिवे लावलेले.

मठाची गादीही गाडीत घालून आणली होती. जुनी, विटलेली, चार गुरूंच्या बुडाखाली दबून पातळ झालेली. आपल्यामागं तिच्यावर कोणी बसायचं, ते बुवा उद्या सांगणार होते. विरक्तानंदाला शंका नव्हती. त्याच्याइतकं सोडलेलं मठात दुसरं होतं कोण?

रिसॉर्टची कॉफी आली. वर फेस, फेसावर पानाची नक्षी. बुवांनी एक घोट घेतला आणि उरलेली शोभेच्या कुंडीत ओतली.

“हिच्यात कोनाचा जीव अडकन काय रे? जीव अडकते अशी आण.”

मुदपाकखान्यातला आचारी थर्मास धुऊन देत म्हणाला, “चांगली पाह्यजे असन त फुलाबाईच्या टपरीवर जा महाराज. जुन्या कॉफीच्या मळ्यापल्याड. पण रस्त्यानं मांगं नका पाहू.”

“का?”

“धुकं असते ना... मानूस चुकते.”

विरक्तानंद हसला. भित्र्या लोकांचं त्याला नेहमीच हसू येई.

पायवाट मळ्यातून जात होती. कॉफीची झाडं रान माजल्यासारखी वाढलेली. पानांवरून पाणी गळत होतं, आणि दुसरा आवाज नव्हता. धुक्यात भाजल्या बियांचा वास आला तसा त्यानं उपरण्यानं नाक झाकलं. अकरा वर्षं हेच केलं होतं. आज मात्र वास उपरण्याच्या आतून आल्यासारखा वाटला.

टपरी म्हणजे चार बांबू, एक पत्रा. फुलाबाई चुलीपाशी बसली होती. तिनं वर बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“आनखी? आताच त दोन कप पेले ना तुमी!”

“मी?”

“नाई त काय मी? हेच भगवं, हाच काडीले दोरा बांधेल चष्मा.”

“बाई, तुमची चूक होतेय. मी कॉफी पीत नाही.”

“पीत नाई!” बाई फिस्सकन हसली. “बशीत ओतून, डोये मिटून पेले. मंग कपाच्या बुडातली साखर बोटानं चाटली. एवढा मोठा महाराज, अन् लेकरावानी!”

साखर बोटानं चाटायची खोड त्याचीच. बायको त्यावरून हसायची. पण ते सगळं अकरा वर्षांपूर्वीचं, आणि या मुलखात ते जाणणारं कोणी नव्हतं.

बाकड्यावर एक कप पालथा होता. त्यानं हात लावला... ऊन होता.

“नाव सांगितलं त्यानं?”

“गुलाब म्हने.”

ते नाव त्यानं मठाच्या पायरीशी टाकलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. बुवांनीही कधी विचारलं नव्हतं.

“कोणीकडे गेला तो?”

“तुमी कोनीकडून आले?” बाई थर्मासचं झाकण आवळत म्हणाली. “तिकडंच.”

परतताना त्यानं पाय उचलले. मागं पावलं वाजत होती. तो थांबला. पावलं थांबली, पण एक पाऊल उशिरा. तो पळाला. पळता पळता थर्मास घट्ट धरायला गेला, तर उजव्या हाताचं बोट चिकट लागलं. साखरेनं चिकटावं तसं.

मागं त्यानं पाहिलं नाही.

खोलीत शिरला, काचेचं दार ओढलं, कडी घातली. बुवा गादीवर तसेच बसलेले.

“आनली?”

“आणली, बुवा.”

बुवांनी झाकण उघडलं. वासानं खोली भरली. बुवांनी सावकाश एक कप भरला. मग दुसरा.

“बुवा, मी घेत नाही. ठाऊक आहे आपल्याला.”

“तुले कोन देऊन राह्यलं?”

बुवा त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. विरक्तानंद वळला. काचेत तो स्वतःच दिसला. भगवं, चष्मा, दोरा. सुटकेचा श्वास टाकणार, इतक्यात त्याचं लक्ष हातांकडे गेलं. त्याच्या स्वतःच्या हातात भिजलेलं उपरणं होतं. काचेतल्याचे हात रिकामे होते, आणि ते काचेला बाहेरून टेकलेले होते.

ओठांपाशी काच धुरकटत होती. निवळत होती. पुन्हा धुरकटत होती.

“बुवा...” त्याची मठातली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. “बुवा, थो कोन होय?”

बुवांनी कॉफीचा घोट घेतला.

“त्याले हाकला, बुवा! मी सारं सोडलं... उद्या गादी...”

“अकरा वर्स हाकलूनच राह्यला ना तू?”

“मंग मी काय करू?”

बाहेरच्यानं दार वाजवलं नाही. नुसता उभा होता, पावसात विसरलेल्या माणसासारखा. आणि त्याची नजर विरक्तानंदावर नव्हतीच. दुसऱ्या कपावर होती.

कपाची वाफ कमी होत चालली.

विरक्तानंदानं बुवांकडं पाहिलं. मग कडीला हात घातला. कडी गरम होती, नुकतीच कोणीतरी धरून सोडल्यासारखी. त्यानं ती काढली आणि डोळे मिटले. धुकं आत आलं. खोलीत पाण्याचा, मातीचा, ओल्या पानांचा वास. एक पाऊल वाजलं. मग दुसरं... त्यानंतरचं त्याला आपल्याच पायात वाजल्यासारखं वाटलं.

डोळे उघडले तेव्हा दारात कोणी नव्हतं. त्याच्या जिभेवर कडू चव होती.

बुवा गादीवर एका अंगाला सरकले. त्या गादीवर ते कोणासाठी सरकलेले आजवर कोणी बघितले नव्हते. मोकळ्या जागेवर त्यांनी थाप मारली.

“ये गुलाबा, बस. थंडी होऊन राह्यली तुही कॉफी.”